चोवीस बाय छत्तीसचा माणूस

कॅमेऱ्याच्या दुकानात आज कोणी पाऊल टाकले, की पहिली विचारणा होते ती फुल फ्रेम हवा की क्रॉप सेन्सर, अशी. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी आलेली, प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी. ती ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असली तर कॅमेरा फुल फ्रेम. त्याहून लहान असली तर क्रॉप, म्हणजे कातरलेला. आपल्या मध्यमवर्गीय मनाला हे शब्दच टोचतात. पूर्ण परवडत नाही म्हणून कातरलेले घ्यायचे, असा कमीपणा त्यांत वाटतो. पण ही पूर्णता ठरवली कोणी, याचा माग काढत गेलो तर आपण एका दमेकरी जर्मन मेकॅनिकपाशी जाऊन पोहोचतो. त्याचे नाव ऑस्कर बार्नाक.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९चा, ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या लिनोव या खेड्यातला. पुढे कुटुंब बर्लिनजवळ राहायला गेले आणि मुलगा खगोलशास्त्राची उपकरणे बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीला लागला. काम शिकून झाल्यावर, तिकडच्या रिवाजाप्रमाणे गावोगाव फिरत, निरनिराळ्या कारखान्यांत हात बसवत तो १९०२ साली येना येथे कार्ल झाईस या भिंगांच्या प्रख्यात कारखान्यात दाखल झाला. पुढच्याच वर्षी लग्न झाले. नोकरी चांगली, संसार चांगला. सोबतीला दोन गोष्टी होत्या. एक फोटो काढण्याचा नाद आणि दुसरी छातीची व्याधी.

या दोघींचे एकमेकींशी जमेना. त्या काळचा चांगला कॅमेरा म्हणजे लाकडी पेटीच असे. त्यात १३ बाय १८ सेंटिमीटरची काचेची प्लेट बसे. निगेटिव्ह जेवढी, तेवढाच बहुधा फोटो. तेव्हा मोठा फोटो हवा तर मोठी प्लेट, आणि मोठ्या प्लेटला मोठी पेटी. ही पेटी, जोडीला प्लेटांच्या जड चौकटी आणि तिपाई, एवढे ओझे घेऊन हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी थुरिंगियाच्या डोंगराळ जंगलात जाई. धट्ट्याकट्ट्या माणसाला घाम फुटावा असा तो प्रकार. बार्नाकला तर श्वासच पुरत नसे.

सुमारे १९०५ साली त्याच्या डोक्यात एक साधा विचार आला. निगेटिव्ह लहान घ्यावी आणि फोटो मागाहून मोठा करावा. त्याने एकाच प्लेटवर पंधरावीस छोटी चित्रे घेऊन पाहिली, पण मोठी करताच ती खरखरीत दिसू लागली. फिल्म असो वा प्लेट, तिच्यावरच्या चांदीच्या क्षारांचे कण जाड असले तर चित्र वाढवताच ते वाळूसारखे डोळ्यांवर येतात. प्रयोग फसला. विचार मात्र मनातून गेला नाही.

झाईसमधला त्याचा स्नेही एमिल मेखाऊ सिनेमाच्या प्रोजेक्टरवर काम करण्यासाठी वेट्झलार या गावी, अर्न्स्ट लायट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात गेला होता. त्याने बार्नाकचे नाव सुचवले. आपली प्रकृती वरचेवर दगा देते, हे बार्नाकने लपवून ठेवले नाही. लायट्झनी तरीही त्याला घेतले आणि १९११च्या जानेवारीत प्रायोगिक विभाग त्याच्या हाती सोपवला. नोकरभरतीच्या कामाशी माझा बँकेत बरीच वर्षे संबंध आला. वैद्यकीय दाखल्यावर शेरा असलेल्या उमेदवाराचे काय होते, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे जुन्या लायट्झसाहेबांचा हा निर्णय मला पुढच्या साऱ्या घटनांहून कमी मोलाचा वाटत नाही.

वेट्झलारला बार्नाकच्या हाती सिनेमाची फिल्म आली. ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली, बारीक कणांची. सिनेमात ती उभी सरकते आणि तिच्यावर १८ बाय २४ मिलिमीटरची चित्रे उमटतात. तयार माप समोर होते. तेच घेतले असते तर कॅमेरा आणखी लहान झाला असता, फिल्मही वाचली असती. पण एवढ्या चिमुकल्या चित्रातून भिंतीवर लावण्याजोगा फोटो निघणार नाही, हे त्याने ताडले. म्हणून त्याने फिल्म आडवी फिरवली आणि सिनेमाच्या दोन चित्रांची जागा एकाच फोटोला दिली. २४ बाय ३६ हे माप जन्माला आले ते असे. वरची मर्यादा त्याच्या छातीने घातली, खालची फिल्मच्या कणांनी. या दोहोंच्या मध्ये जिथे पाय टेकता आला, तिथे तो थांबला. आज जिला आपण पूर्ण चौकट म्हणतो, ती एका माणसाने आपल्या ताकदीचा आणि सामग्रीचा हिशेब घालून काढलेली तडजोड आहे.

१९१४पर्यंत हाताच्या पंजात मावणारा धातूचा कॅमेरा तयार झाला. फिल्म पुढे सरकवली की त्याच फिरकीने शटरही चढे, त्यामुळे एका चित्रावर दुसरे चित्र पडण्याची धास्ती उरली नाही. त्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा वेट्झलारच्या रस्त्यावर सैन्यभरतीचा हुकूम लावणाऱ्या शिपायाचा फोटो बार्नाकने याच कॅमेऱ्याने घेतला. १९२० साली गावात पूर आला, त्याचेही घेतले. तिपाई रोवून, काळ्या कापडाखाली डोके घालून असे फोटो निघाले नसते. ओझे कमी करायला निघालेल्या माणसाला वाटेत गावातला रस्ता सापडला.

युद्ध, मग पराभव, मग १९२३ची भयानक चलनवाढ. पाव घ्यायला टोपलीभर नोटा न्यायच्या, अशी त्या देशाची गत झाली. बार्नाकचा कॅमेरा विक्रीला काढावा की नाही, याची चर्चा थोरल्या लायट्झच्या मुलापुढे, धाकट्या अर्न्स्ट लायट्झपुढे, १९२४च्या जूनमध्ये झाली. मतभेद खूप होते. कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत मी आयुष्य काढले. त्या नजरेने हा प्रस्ताव पाहिला, तर कारखाना सूक्ष्मदर्शकांचा, मालाला बाजारपेठ नाही, विक्रीचा पूर्वानुभव नाही आणि देशाच्या चलनाला नुकती कुठे धुगधुगी आलेली. अशी फाईल टेबलावर आली असती तर मी पहिल्या पानापलीकडे गेलो नसतो. पण मंदीत कारखान्यातल्या माणसांच्या हाताला काम हवे, ही चिंता धाकट्या लायट्झला होती. सगळ्यांचे ऐकून घेऊन त्याने धोका पत्करायचे ठरवले. १९२५च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा जगापुढे आला. लायट्झमधला ला आणि कॅमेऱ्यामधला का. त्याचे ५० मिलिमीटरचे सुरेख भिंग माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने आखले होते. पहिल्या वर्षी हजाराच्या आतच कॅमेरे तयार झाले.

मोठ्या प्लेटांवर हयात घालवलेल्या अनेक धंदेवाईक छायाचित्रकारांना ते खेळणे वाटले. जर्मन भाषेत या मापाला लहान चित्र अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. म्हणजे आजचे पूर्ण हे तेव्हाचे लहान होते! पण त्या लहानाने काय करून दाखवले, ते आपल्या घरोघरी ठाऊक आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी आंरी कार्तिए-ब्रेसाँ गांधीजींना भेटून गेला आणि थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. बिर्ला हाऊसच्या फाटकावर चढून ती वार्ता सांगणारे नेहरू आणि नंतरची अंत्ययात्रा त्याने टिपली. तो लायका वापरत असे. गर्दीत, अंधुक उजेडात, पेटी उघडून बसायला वेळ कोणाला होता?

पुढे बार्नाकच्या मापालाही लोकांनी कात्री लावली. निकॉनचा १९४८चा पहिला कॅमेरा २४ बाय ३२ होता. १९५९ साली ऑलिंपसने पेन नावाचा कॅमेरा काढला आणि १८ बाय २४ हे सिनेमाचे माप पुन्हा आणले. ३६ फोटोंच्या रोलमध्ये ७२ फोटो निघू लागले. डिजिटल युग आले तेव्हा अडचण सिलिकॉनची होती. एका गोल चकतीतून लहान सेन्सर पुष्कळ निघतात, मोठे थोडेच निघतात आणि त्यांतले खराबही जास्त निघतात. म्हणून निकॉनचा १९९९चा डी वन क्रॉप होता. कॅननने २००२ साली आणि निकॉनने २००७ साली पूर्ण माप आणले, तेव्हा लोकांना हरवलेले काही परत मिळाल्यासारखे वाटले.

माझ्या भाच्याने मध्यंतरी मला गाठले. फुल फ्रेमसाठी हप्त्याचे कर्ज काढावे का, असे मामाला विचारत होता. मी त्याला हिशेब मांडून दिला. पूर्ण सेन्सरचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, क्रॉपचे साधारण ३७०, काहींत त्याहून थोडे कमी. सारख्याच उजेडात मोठ्या पट्टीवर एकूण प्रकाश दुपटीहून अधिक पडतो. गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात किंवा रात्रीच्या वरातीत तो उपयोगी पडतो. उलट क्रॉपवर २०० मिलिमीटरचे भिंग ३०० सारखे दृश्य देते, म्हणून पाखरांच्या मागे फिरणाऱ्याला तो सोयीचा. भिंगेही हलकी आणि स्वस्त मिळतात. एवढे सांगून मी त्याला विचारले, की कॅमेरा घेऊन तू जाणार कुठे? लग्नाच्या हॉलमध्ये पोट भरायला, की सिंहगडावर मुलांना घेऊन? पहिले असेल तर हप्ता धंद्यातून फिटेल. दुसरे असेल तर घरच्या बजेटमधून जाईल, आणि वजनाला कंटाळून कॅमेरा कपाटातच राहील. त्याने क्रॉप घेतला. दर रविवारी बाहेर काढतो, असे त्याची बायको सांगते.

बार्नाक १६ जानेवारी १९३६ रोजी गेला. वय अवघे छप्पन्न. अखेरपर्यंत तो लायट्झच्याच नोकरीत होता आणि आपल्या कॅमेऱ्यात सुधारणा करत राहिला. विक्रीपूर्वी चाचणीसाठी जे थोडे कॅमेरे केले होते, त्यांतला १०५ क्रमांकाचा त्याचा स्वतःचा होता. दृश्यदर्शकावर त्याचे नाव कोरलेले आहे. २०२२च्या जूनमध्ये वेट्झलारच्या लिलावात तो १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. इतक्या मोलाची वस्तू यापुढे बहुधा तिजोरीतच राहील. ज्याने ती केली, त्याला मात्र ती घेऊन डोंगर चढायचा होता, आणि वर पोहोचल्यावर फोटो काढण्याइतका श्वास शिल्लक हवा होता.