कोंड्यावरची बुरशी

मी कलाशाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेपुरताच. तरीही वाचनालयात एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र हाती आले आणि ते संपल्यावर कितीतरी दिवस मनातून जाईना. त्यांचे नाव जोकिची ताकामिने.

ताकामिने यांचा जन्म १८५४ साली जपानमधील ताकाओका येथे झाला. वडील वैद्य होते. आईच्या माहेरी साके, म्हणजे तांदळाचे मद्य, गाळण्याचा व्यवसाय होता. साके करताना वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम एक बुरशी वाढवतात. त्या तांदळाला कोजी म्हणतात. बुरशीतून विकरे, म्हणजे एन्झाइमे, पाझरतात. ती तांदळातील पिष्टाची साखर करतात आणि साखरेचे पुढे मद्य होते. जपानी कारागिरांना हे कसब शतकानुशतके ठाऊक होते. पण त्याला कोणी विद्या म्हणत नव्हते. विद्या त्या वेळी बोटीने परदेशातून येत होती!

ती विद्याही ताकामिने यांनी मनापासून घेतली. १८७९ साली तोक्योत पदवी मिळवून ते सरकारी खर्चाने ग्लासगोला गेले. पुढे १८८४ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सच्या प्रदर्शनाला सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले असता त्यांची कॅरोलाइन हिच यांच्याशी ओळख झाली. १८८७ साली दोघांचा विवाह झाला.

१८९० साली ताकामिने अमेरिकेत आले ते आजोळच्या बुरशीचा विचार घेऊनच. तिकडे व्हिस्कीसाठी धान्यातील पिष्टाची साखर करण्याकरिता माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेले सातू, वापरीत. मोड यायला बरेच दिवस लागत. गव्हाच्या कोंड्यासारख्या टाकाऊ वस्तूवर बुरशी मात्र दोन-तीन दिवसांत वाढे. पिओरिया गावी त्यांनी प्रयोग सुरू केले. माल्टवाल्यांना आपला धंदा बुडेल असे वाटून त्यांनी विरोध केला. पुढे आगीत कारखाना जळाला. यकृताच्या दुखण्याने ताकामिने अंथरुणाला खिळले आणि उपचारांसाठी त्यांना शिकागोला न्यावे लागले. परका देश, पदरी मुले आणि हातचे काम गेलेले. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता.

ताकामिने यांनी मद्याचा नाद सोडला, बुरशीचा नाही. बुरशी चढलेला कोंडा पाण्यात भिजवून त्यांनी विकरे पाण्यात उतरविली. त्या पाण्यात अल्कोहोल मिसळताच विकरे साक्याच्या रूपाने तळाशी बसली. तो साका वाळवून भुकटी झाली. १८९४ साली त्यांना या कृतीचे अमेरिकन पेटंट मिळाले. पार्क-डेव्हिस कंपनीने ती भुकटी ‘टाका-डायास्टेज’ या नावाने पचनाचे औषध म्हणून विकली. पुढे १९०० साली, सहायक केइझो उएनाका यांच्यासह, त्यांनी ॲड्रिनॅलिनचे शुद्ध स्फटिकही मिळविले. १९२२ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

पण भुकटीची गोष्ट तेथे संपली नाही. तिच्यात एक नव्हे, अनेक विकरे मिसळलेली होती. ती एकेक वेगळी करून प्रत्येकाचे काम ओळखायला पुढच्या पिढ्या लागल्या. १९५७ साली जपानी संशोधकांनी तिच्यातून आरएनए ठरावीक जागीच तोडणारे विकर वेगळे केले. त्याच जातीच्या बुरशीचे आणखी एक विकर रासायनिक उद्योगाच्या कामी आले. कारखान्यात ॲमिनो आम्ले बनविली की डाव्या आणि उजव्या हातांसारखी दोन रूपे एकत्र तयार होतात. शरीराच्या उपयोगाचे बहुधा डावेच. हे विकर त्यांतील डावे रूप अचूक निवडते. १९६९ साली जपानच्या तानाबे कंपनीने ते विकर घन पदार्थावर बसवून पुन्हा पुन्हा वापरण्याची पद्धत उद्योगात आणली.

मी अस्वस्थ का झालो, ते आता सांगतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकायचे म्हणजे घरचे सारे उंबऱ्याबाहेर ठेवायचे, अशी माझी समजूत होती. आई बोटाच्या अंदाजाने विरजण लावते. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी. त्यामागचे कारण मी तिला कधी विचारले नाही, कारण ते विचारण्याजोगे आहे असेच मला वाटले नाही. ताकामिने ग्लासगोला जाऊन आले, तरी आजोळचा कोजी विसरले नाहीत. ग्लासगोच्या विद्येने त्यांनी त्या कोजीला प्रश्न विचारले.

या सुट्टीत घरी गेलो की आईला विरजणाचे विचारणार आहे.