जोसेफ प्लातो

नळ थोडासा सोडला की पाण्याची धार सरळ पडते. पण काही अंतरावर तिचे थेंब होतात. असे का होते, याचे उत्तर शोधण्यात बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांचा वाटा मोठा आहे.

त्यांचा जन्म १८०१ साली ब्रुसेल्स येथे झाला. वडील चित्रकार होते. चौदाव्या वर्षी ते पोरके झाले. तरीही शिक्षण पूर्ण करून १८३५ मध्ये ते गेंट विद्यापीठात प्राध्यापक झाले. पाणी व अल्कोहोल यांच्या मिश्रणात तेलाचा गोळा अधांतरी ठेवून त्यांनी तो फिरवला. गोळा चपटा झाला. वेग वाढताच त्याचे कडे बनले.

१८४३ च्या सुमारास त्यांची दृष्टी कायमची गेली. निरीक्षण हाच ज्यांच्या विद्येचा आधार, त्यांच्यावर हा मोठाच आघात होता. परंतु प्लातो खचले नाहीत. प्रयोग ते मनात आखत. मुलगा, जावई व सहकारी ते करून जे दिसे ते त्यांना सांगत. दंडगोलाकार द्रवाची लांबी त्याच्या परिघाहून वाढली, की पृष्ठताणामुळे तो थेंबांत मोडतो, हा नियम त्यांनी याच काळात मांडला. १८७३ मध्ये त्यांचा द्रवांवरील द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८८३ साली गेंट येथे त्यांचे निधन झाले.

आज अनेक खत कारखान्यांत उंच मनोऱ्यावर फिरणाऱ्या सच्छिद्र भांड्यातून वितळलेल्या युरियाच्या धारा बाहेर पडतात. त्यांचे थेंब होतात व खाली येता येता गोठून दाणे बनतात. छत्तीसगडच्या भातशेतीत पडणाऱ्या अशा दाण्यामागे, डोळ्यांनी न दिसणारी धार बुद्धीने पाहणाऱ्या या संशोधकाचे श्रम आहेत.