चाळीस तासांच्या कायद्याचा आरोपी : लेऑन ब्लूम

फ्रान्सच्या मध्यभागातील रियों या लहानशा शहरात १९ फेब्रुवारी १९४२ रोजी एक अजब खटला सुरू झाला. देशाचा मोठा भाग जर्मन फौजांच्या ताब्यात होता आणि उरलेल्या भागावर मार्शल पेतँ यांचे विशी सरकार कारभार करीत होते. १९४० च्या पराभवाला जबाबदार कोण, हे जगाला दाखविण्यासाठी या सरकारने दोन माजी पंतप्रधानांना आणि माजी सरसेनापतींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांपैकी सत्तरीला टेकलेले लेऑन ब्लूम यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत एक असा होता की, त्यांनी कामगारांचा आठवडा चाळीस तासांवर आणला आणि त्यामुळे देशाची शस्त्रनिर्मिती मागे पडली. कामाचे तास कमी करणे हा देशाला पराभूत करण्याचा गुन्हा ठरू शकतो का, हा प्रश्न अशा रीतीने न्यायासनापुढे आला.

ज्यांचे नाव फ्रान्सच्या कामगारांशी कायमचे जोडले गेले, ते ब्लूम स्वतः कामगार वस्तीतून आलेले नव्हते. ९ एप्रिल १८७२ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. कुटुंब मूळचे अल्सासमधील ज्यू. वडिलांचा रेशमी फितींचा व्यापार होता. एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला, पण परीक्षेत अपयश आल्याने ती सोडावी लागली. पुढे कायद्याचे शिक्षण घेऊन ते १८९५ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेत, म्हणजे राज्य परिषदेत, दाखल झाले. दिवसा न्यायालयीन टिपणे आणि संध्याकाळी नाट्यसमीक्षा असा त्यांचा दिनक्रम बराच काळ चालला. द्रेफ्यूस प्रकरणाने या साहित्यप्रेमी विधिज्ञाला राजकारणाकडे ओढले आणि समाजवादी नेते जाँ जोरेस यांच्या सहवासाने तेथे टिकवून ठेवले. जोरेस यांची १९१४ मध्ये हत्या झाली. त्यानंतर पाच वर्षांनी ब्लूम संसदेवर निवडून आले. १९२० मध्ये तूर येथील अधिवेशनात पक्ष फुटला, बहुसंख्य प्रतिनिधी कम्युनिस्टांकडे गेले आणि मोडकळीस आलेला समाजवादी पक्ष पुन्हा उभा करण्याचे काम ब्लूम यांच्या वाट्याला आले.

कामाच्या तासांचा प्रश्न त्यापूर्वीच युरोपच्या ऐरणीवर आला होता. फ्रान्सने एप्रिल १९१९ मध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा केला. त्याच वर्षी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्या परिषदेने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा करार संमत केला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून त्या परिषदेत नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. मात्र ब्रिटिश हिंदुस्थानसाठी त्या करारात आठवड्याला साठ तासांची वेगळी मर्यादा लिहिली गेली. युरोपात चाळीस तासांची चर्चा रंगात आली, तेव्हाही भारतातील बारमाही कारखान्यांसाठी कायदा चोपन्न तासांचा होता.

अठ्ठेचाळीसवरून चाळीसवर येण्याची मागणी महामंदीतून जन्मली आणि तिच्यामागचा विचार वेगळा होता. आठ तासांचा दिवस विश्रांतीसाठी मागितला गेला होता; चाळीस तासांचा आठवडा बेकारांसाठी मागितला जात होता. जेवढे काम उपलब्ध आहे ते अधिक हातांत वाटले, तर रांगेत उभ्या असलेल्यांना रोजगार मिळेल, असा हा हिशेब होता. खरा वाद होता तो पगाराचा. इटलीत १९३४ मध्ये तास घटविताना वेतनही घटविण्यात आले. त्याउलट आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३५ च्या करारात राहणीमान खालावू न देता चाळीस तासांचे तत्त्व मांडले. जानेवारी १९३६ मध्ये फ्रान्समधील समाजवादी, कम्युनिस्ट आणि रॅडिकल या पक्षांनी लोकआघाडीचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात आठवड्याचे वेतन न कापता तास कमी करण्याचे आश्वासन होते. तासांचा आकडा मात्र त्यात नव्हता.

पुढच्याच महिन्यात, १३ फेब्रुवारीला, पॅरिसमध्ये एका अंत्ययात्रेसाठी जमलेल्या राजेशाहीवादी तरुणांनी ब्लूम यांची मोटार अडवून त्यांना रक्तबंबाळ केले. जवळच्या बांधकामावरील मजूर धावून आले म्हणून ते वाचले. मे महिन्यात निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा ते देशाचे भावी पंतप्रधान होते.

सूत्रे हाती येण्याआधीच कारखाने थांबू लागले. ल आव्र आणि तुलूज येथील विमान कारखान्यांत सुरू झालेला संप काही आठवड्यांत देशभर पसरला. जून महिन्यात सुमारे बारा हजार संप झाले आणि त्यांत अठरा लाख कामगार सहभागी झाले. बहुतेक ठिकाणी कामगार घरी न जाता यंत्रांशेजारीच मुक्काम ठोकून राहिले. मालक हादरले होते. ४ जूनला ब्लूम पंतप्रधान झाले आणि ७ जूनच्या रात्री मातिन्यों या पंतप्रधानांच्या कार्यालयात मालक व कामगार संघटनांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. वेतनात सात ते पंधरा टक्के वाढ आणि संघटना स्वातंत्र्याला मान्यता यांवर तेथे समझोता झाला. उरलेले काम संसदेने केले. २० जूनच्या कायद्याने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि २१ जूनच्या कायद्याने चाळीस तासांचा आठवडा. ज्या देशात स्त्रियांना मताधिकार नव्हता, त्या देशाच्या या मंत्रिमंडळात तीन स्त्रिया होत्या, हेही येथे नोंदवायला हवे.

त्या उन्हाळ्यात जे घडले ते आकडेवारीत पुरते मावत नाही. क्रीडा व विरंगुळा खाते सांभाळणारे तरुण सहकारी लेओ लाग्राँज यांनी रेल्वेच्या भाड्यात चाळीस टक्के सवलतीची खास तिकिटे काढली आणि पहिल्याच वर्षी सुमारे सहा लाख लोकांनी त्यांचा लाभ घेतला. दोन जणांच्या सायकलीवरून निघालेली जोडपी रस्तोरस्ती दिसू लागली. समुद्र कसा असतो हे अनेक कुटुंबांनी प्रथमच पाहिले. भरपगारी रजेला पुढे कोणीही हात लावू शकले नाही.

चाळीस तासांचे तसे झाले नाही. अठ्ठेचाळीस तासांचा पगार चाळीस तासांना द्यायचा म्हणजे ताशी मजुरी वीस टक्क्यांनी वाढते. मातिन्योंची वेतनवाढ तिच्यावर चढली. किमती वाढल्या, भांडवल देशाबाहेर गेले आणि सप्टेंबरअखेर फ्रँकचे अवमूल्यन करावे लागले. तोपर्यंत उशीर झाला होता. त्याहून मोठी अडचण काम वाटण्याच्या कल्पनेतच होती. मदत घेणाऱ्या बेकारांची संख्या चार लाखांच्या वर होती, पण त्यांत वयस्क आणि अकुशल माणसे मोठ्या प्रमाणावर होती. कारखान्यांना हवे होते टर्नर आणि फिटर. कुशल कामगार शुक्रवारी संध्याकाळी घरी गेला, की त्याच्यावर अवलंबून असलेल्या चार जणांचे कामही थांबत असे. वर्षअखेरीपासून एकेका उद्योगाला कायदा लागू होत गेला आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ शनिवार-रविवार कारखाना बंद, असा झाला. पाळ्यांची लवचीक रचना उभी राहिली नाही. बेकारी थोडी घटली. उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढले नाही. अर्थतज्ज्ञ आल्फ्रेद सोव्ही यांनी पुढे सारा दोष या कायद्याच्या कडक अंमलबजावणीवर ठेवला. इतरांना अवमूल्यनाला झालेला विलंब अधिक घातक वाटला. कायद्याचा हेतू योग्य होता आणि त्याची घाई अयोग्य होती, असे म्हणणे आज सोपे आहे. संपाने ठप्प झालेल्या जून १९३६ मध्ये सावकाश जाण्याची मुभा कोणाला होती, हे मात्र टीकाकार क्वचितच सांगतात.

फेब्रुवारी १९३७ मध्ये ब्लूम यांनी सुधारणांना विराम जाहीर केला. पॅरिसचे जागतिक प्रदर्शन मे दिनाला तयार व्हावे म्हणून त्यांनी बांधकाम मजुरांना स्वतः आवाहन केले, पण ते त्या महिन्याच्या अखेरीस उघडले. विरोधकांना आयती टीका मिळाली. जूनमध्ये सिनेटने आर्थिक अधिकार नाकारताच सरकार पायउतार झाले. १९३८ च्या वसंत ऋतूत ते पुन्हा पंतप्रधान झाले, ते जेमतेम महिनाभर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री पॉल रेनो यांच्या वटहुकमांनी चाळीस तासांची चौकट सैल केली आणि त्याविरुद्धचा सार्वत्रिक संप मोडून काढण्यात आला.

म्हणजे युद्धाच्या दहा महिने आधीच ज्या कायद्याची धार गेली होती, तोच रियोंच्या न्यायालयात आरोप बनून आला. जुलै १९४० मध्ये पेतँ यांना सर्वाधिकार देण्यास ज्या ऐंशी संसद सदस्यांनी विरोध केला, त्यांत ब्लूम होते. दोन महिन्यांनी त्यांना अटक झाली. न्यायालयात या जुन्या विधिज्ञाने फिर्यादीचाच पाया उकरून काढला. सप्टेंबर १९३६ मध्ये आपल्याच सरकारने चौदा अब्ज फ्रँकचा शस्त्रसज्जता कार्यक्रम मंजूर केला आणि ती रक्कम लष्कराच्या मागणीपेक्षा अधिक होती, हे त्यांनी दाखवून दिले. चौकशी १९३६ पासूनच का सुरू होते, १९३४ मध्ये युद्धमंत्री असलेल्या पेतँ यांच्या काळातील कपात तिच्यातून का वगळली, असेही त्यांनी विचारले. मातिन्योंच्या वाटाघाटींसाठी मालकच आपल्याकडे आले होते, याची आठवण त्यांनी करून दिली. खटला आरोपींऐवजी विशी सरकारवरच उलटू लागला. हिटलरची नाराजी प्रकट होताच एप्रिलमध्ये तो निकालाविना थांबविण्यात आला.

मार्च १९४३ मध्ये ब्लूम यांना जर्मनांच्या स्वाधीन करण्यात आले. ओलीस म्हणून त्यांना बुखेनवाल्ड छळछावणीबाहेरील एका घरात ठेवले गेले. तेथेच जान लेव्हिलिए यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या स्वेच्छेने त्यांच्याकडे आल्या होत्या. छावणीच्या तारा जवळ असूनही आत काय चालते, हे त्यांना कित्येक महिने कळले नाही. त्यांचे धाकटे बंधू, बॅले संयोजक रने ब्लूम, यांचा आउश्विट्झ येथे अंत झाला. मे १९४५ मध्ये आल्प्समधील इटालियन भूमीवर ब्लूम पतिपत्नींची सुटका झाली.

फेब्रुवारी १९४६ च्या कायद्याने चाळीस तासांचा आठवडा पुन्हा प्रस्थापित झाला. या वेळी जादा वेतनावर जादा तास काम करून घेण्याची वाट मोकळी ठेवण्यात आली. त्या वर्षाच्या अखेरीस ब्लूम महिनाभरासाठी तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले. ३० मार्च १९५० रोजी पॅरिसजवळील जुई-आँ-जोसास येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले. तेव्हा फ्रान्सच्या कायद्यात आठवडा चाळीस तासांचा होता आणि १९८२ मध्ये तो एकोणचाळीसवर येईपर्यंत तसाच राहिला. कारखान्यांत मात्र ओव्हरटाइम धरून काम त्याहून बरेच अधिक चालत असे.