सॅम्युएल टॉरी ऑर्टन

सॅम्युएल टॉरी ऑर्टन (१५ ऑक्टोबर, इ.स. १८७९ – १७ नोव्हेंबर, इ.स. १९४८) हे अमेरिकन मज्जाविकृतितज्ज्ञ व मनोविकारतज्ज्ञ होते. आज डिस्लेक्सिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाचन-अक्षमतेच्या अभ्यासाचे ते एक प्रवर्तक मानले जातात. ऑर्टन-गिलिंगहॅम अध्यापनपद्धतीला त्यांच्या संशोधनाचा आधार आहे.

प्रारंभिक जीवन

ऑर्टन यांचा जन्म ओहायो राज्यातील कोलंबस येथे झाला. त्यांचे वडील एडवर्ड ऑर्टन हे ओहायो राज्य विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते. इ.स. १९०५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर ऑर्टन यांनी प्रौढ रुग्णांच्या मेंदूतील विकृतींचा अभ्यास केला. इ.स. १९१९ मध्ये ते आयोवा सिटी येथील राज्य मनोरुग्णालयाचे पहिले संचालक झाले.

आयोवातील कार्य

शहरातील रुग्णालयापर्यंत येणे ग्रामीण कुटुंबांना सोपे नव्हते. म्हणून इ.स. १९२५ मध्ये ऑर्टन यांनी ग्रीन परगण्यात फिरते तपासणी केंद्र नेले आणि अभ्यासात मागे पडणारी मुले पाठवण्याची विनंती तेथील शिक्षकांना केली. आलेल्यांपैकी काही मुलांना वाचन जवळजवळ येत नव्हते. मात्र त्यांची बुद्धी सामान्य किंवा त्याहून अधिक होती. त्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. बुद्धिमापन चाचणीत त्याला फार कमी गुण मिळाले होते. तो मंदबुद्धी नसून, वाचता न आल्यामुळे चाचणीच त्याची बुद्धी मोजण्यात अपुरी पडली, असा निष्कर्ष ऑर्टन यांनी काढला.

इंग्रजीतील 'बी' आणि 'डी' या अक्षरांची अदलाबदल करणे, शब्द उलट्या क्रमाने वाचणे अशा चुका या मुलांमध्ये वारंवार दिसत. त्यावरून ऑर्टन यांनी या स्थितीला 'स्ट्रेफोसिम्बोलिया', म्हणजे चिन्हांची उलटापालट, असे नाव दिले. मेंदूच्या एका गोलार्धाचे प्राबल्य नीट प्रस्थापित न होणे हे तिचे कारण असावे, असे त्यांचे मत होते. हा दोष अत्यंत विरळ असल्याचा पूर्वीच्या वैद्यांचा समज त्यांनी नाकारला.

अध्यापनपद्धती

संपूर्ण शब्द पाहून पाठ करण्याची तेव्हा रूढ असलेली रीत अशा मुलांना उपयोगी पडत नाही, असे ऑर्टन यांनी प्रतिपादले. अक्षर पाहणे, त्याचा ध्वनी ऐकणे व उच्चारणे आणि ते हाताने गिरवणे या क्रिया एकत्र कराव्यात, तसेच सुटे ध्वनी जोडून क्रमाने शब्दापर्यंत जावे, असे त्यांनी सुचवले. पुढे न्यूयॉर्कमध्ये शिक्षिका व मानसशास्त्रज्ञ अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी बेसी स्टिलमन यांच्या साहाय्याने या तत्त्वांवर शिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शिका तयार केली. त्यामुळे दवाखान्यातील उपाय वर्गातील शिक्षकाच्या हाती आला. इ.स. १९३७ साली ऑर्टन यांचा मुलांच्या वाचन, लेखन व वाणीदोषांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मूल्यमापन

मेंदूच्या प्राबल्याविषयीचा ऑर्टन यांचा सिद्धान्त पुढील संशोधनात टिकला नाही. शब्दांतील ध्वनी वेगळे ओळखण्यातील अडचण हे डिस्लेक्सियाचे एक प्रमुख कारण आज मानले जाते. अक्षर-ध्वनी संबंध पद्धतशीरपणे शिकवण्याच्या तत्त्वाला मात्र पुढील संशोधनाने पुष्टी दिली. ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धतीबाबतचे पुरावे तितके निर्णायक नाहीत. इ.स. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात तिचे परिणाम अनुकूल दिसले, तरी संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरले नाहीत.

या पद्धतीस लागणारे साहित्य अगदी साधे आहे: अक्षरपत्रिका, कागद व पेन्सिल. खर्च येतो तो शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा आणि प्रत्येक मुलासाठी द्याव्या लागणाऱ्या दीर्घकालीन वेळेचा. त्यामुळे शाळेत सोय नसल्यास खाजगी शिकवणीचा भार पालकांवर पडतो व अनेक कुटुंबांना तो पेलत नाही. ऑर्टन यांनी ग्रीन परगण्यात मुले शोधली ती मात्र सार्वजनिक शाळांच्या शिक्षकांमार्फतच.

वारसा

ऑर्टन यांच्या निधनानंतर इ.स. १९४९ मध्ये त्यांच्या पत्नी जून ऑर्टन यांच्या पुढाकाराने ऑर्टन सोसायटीची स्थापना झाली. ही संस्था आज इंटरनॅशनल डिस्लेक्सिया असोसिएशन या नावाने कार्यरत आहे.