प्लेगच्या काळात लोकांचा विश्वास कमावणारे हाफकिन

परळला केईएम किंवा टाटा हॉस्पिटलमध्ये पेशंट घेऊन जाणाऱ्या आपल्या लोकांना हाफकिनची पाटी दिसतेच. बहुतेकांना ते कंपनीचं नाव वाटतं. पोलिओच्या थेंबांमुळे काहींना ते ओळखीचं असतं. त्यामागे एक माणूस होता आणि त्याची हकीकत आपल्या मोहल्ल्यांशी जोडलेली आहे, हे मात्र आम्ही शाळेत विचारतो तेव्हा दहावीच्या मुलांनाही ठाऊक नसतं.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला. घराणं यहुदी. तेव्हा ओडेसा रशियाच्या झारच्या राज्यात होतं आणि यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ले होत असत. विद्यार्थी असताना हाफकिन वस्तीचं रक्षण करणाऱ्या तरुणांमध्ये सामील झाले आणि त्यांना अटकही झाली. पुढे प्राणिशास्त्रात त्यांनी नाव काढलं, पण विद्यापीठातली कायमची नोकरी हवी तर ख्रिस्ती व्हा, अशी अट आली. त्यांनी नकार दिला. १८८८ मध्ये देश सोडला, आधी जिनिव्हा आणि मग पॅरिस गाठलं. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे जुने उस्ताद मेचनिकॉफ होते, पण जागा मिळाली ती ग्रंथालयात. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंवर काम करायचं, असं सुरू झालं.

तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. ताप आला, उतरला.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सगळे त्यांना डॉक्टर हाफकिन म्हणतात, पण त्यांच्याकडे वैद्यकीची पदवी नव्हती. इंग्रज सरकारच्या वैद्यकीय खात्यातल्या काही साहेबांना हे कायम खुपत राहिलं. रशियातून आलेला, यहुदी, त्यात डॉक्टरही नाही! पुढे जे झालं ते समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

१८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. पुढच्या वर्षी काट्टल बागान नावाच्या गरीब बस्तीत सुमारे दोनशे माणसांपैकी ११६ जणांनी लस घेतली. नंतर तिथे कॉलरा पसरला आणि आजारी पडले ते सगळे लस न घेतलेले. हाफकिनच्या कामाची ही पद्धत कायम राहिली. एकाच वस्तीत, एकाच नळाचं पाणी पिणाऱ्या लोकांमध्ये लस घेतलेले आणि न घेतलेले यांचा वेगवेगळा हिशेब ठेवायचा आणि तो छापायचा. आज हे साधं वाटतं, पण त्या काळी फार थोडे लोक असं करत होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग आला. गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. ऑक्टोबरात सरकारनं हाफकिनना मुंबईला बोलावलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करायला एक खोली आणि व्हरांडा दिला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई होते. तीन महिन्यांत लस तयार झाली. ती कशी बनवली हे वाचण्यासारखं आहे. जंतू वाढवायला त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा अर्क घेतला आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांच्या खाली जंतूंचे झुबके लोंबत वाढायचे. मग तो अर्क तापवून जंतू मारायचे आणि त्यात थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. गाईचं मांस नाही, डुकराचं नाही, त्यामुळे हिंदू-मुसलमान दोघांचाही एक मोठा प्रश्न आपोआप सुटला.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा आधी स्वतःला सुई टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या जेलात प्लेग शिरला. तिथे राजी झालेल्या कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही. लस घेतलेल्यांमध्ये आजार खूप कमी झाला.

आता बाहेर काय चाललं होतं तेही पाहू. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. पथकं घरात घुसत, जनानखान्यापर्यंत जात, आजारी माणसाला उचलून नेत, सामान जाळत. पुण्यात रँडसाहेबाचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. त्याच साली हजची जहाजंही थांबवली गेली. इस्पितळात माणसांना मारून त्यांची मोमियाई काढतात, अशी अफवा होती. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं तेव्हा जुलाहा विणकर भडकले आणि दंगल पेटली, गोळीबार झाला. आपल्या लोकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या सरकारचा हात फक्त दंडुका म्हणूनच पाहिला, त्याच हातातली सुई औषधाची आहे हे लोकांनी मानावं तरी कसं?

हाफकिनचा मार्ग वेगळा होता. राजी असेल त्याला टोचायचं आणि आकडे समोर ठेवायचे. या कामात त्यांना मोठी साथ मिळाली ती तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांची. ते तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या जमातीच्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे, अनेकदा. ते जिवंत आणि धडधाकट दिसतात हे पाहून हजारो खोजा पुढे आले. १८९८ मध्ये त्यांनी आपला खुशरू लॉज हा बंगला हाफकिनच्या प्रयोगशाळेसाठी दिला. एका यहुदी शास्त्रज्ञाची लस, मुसलमान इमामाचं घर आणि सरकारी पैशावर चाललेलं काम, असा मुंबईचा तो काळ होता.

त्याच साली बडोदे संस्थानात उंढेरा गावी त्यांनी मोठी परीक्षा घेतली. प्रत्येक घरातल्या काही माणसांना लस दिली आणि काहींना नाही, म्हणजे घर, अन्न, उंदीर सगळं सारखं. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले, ३ मेले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. हा हिशेब आम्ही गणिताच्या तासाला मुलांकडून करून घेतो. शेकडेवारी शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही. पण त्या २६ जणांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्नही वर्गात निघतोच, आणि तो निघायलाच हवा.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. इमारत लाटसाहेबांची. एका गव्हर्नरची बायको तिथे कॉलऱ्यानं वारली आणि मग गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठलं होतं. त्या रिकाम्या महालातून आता हिंदुस्थानभर आणि परदेशातही लसीच्या बाटल्या जाऊ लागल्या.

मग मुलकोवाल घडलं. हे गाव पंजाबात, आज पाकिस्तानात. १९०२ मध्ये पंजाब सरकारनं फार मोठ्या प्रमाणावर लस द्यायचं ठरवलं होतं आणि परळवर मागणीचा ताण होता. ३० ऑक्टोबर रोजी गावात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस दिली. त्यातल्या ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले. विश्वास ठेवून दंड पुढे केलेली साधी गावकरी माणसं होती ती.

चौकशी बसली. मुंबई हायकोर्टाचे चीफ जस्टिस लॉरेन्स जेन्किन्स तिचे अध्यक्ष होते. घाण परळातच बाटलीत गेली, असं चौकशीनं ठरवलं. हाफकिननी जास्त लस लवकर तयार व्हावी म्हणून कार्बोलिक ॲसिड सोडून फक्त उष्णतेवर भर दिला होता, त्यावर बोट ठेवलं गेलं. पॅरिसमध्ये ही पद्धत मान्य होती, पण ऐकतो कोण. त्यांना कामावरून दूर करून बिनपगारी रजेवर पाठवलं. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट मागे राहिली. बाटली उघडली तेव्हा वास नव्हता, हेही मागे राहिलं. धनुर्वाताचे जंतू आठवडे-आठवडे आत वाढले असते तर वास आल्याशिवाय राहिला नसता. चौकशीची कागदपत्रं लोकांसमोर यायलाच काही वर्षं गेली.

आमच्या मते खरं नुकसान इथे झालं. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनात एकोणीस जीव गेले, तर कुठे चुकलं हे उघडपणे सांगायला हवं होतं. सरकारनं एक माणूस पुढे करून फाईल बंद केली. पंजाबातली लसीकरणाची मोहीम बसली. १९०७ या एका वर्षात पंजाबात प्लेगनं सहा लाखांहून जास्त माणसं मेली. ती सगळी लसीनं वाचली असती असं आम्ही म्हणणार नाही. पण मुलकोवालनंतर ज्या मायबापांनी लेकरांना सुईपासून लपवलं असेल, त्यांना दोष द्यायला आमची जीभ उचलत नाही.

हाफकिन लंडनमध्ये आपली बाजू मांडत राहिले. शेवटी मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस त्यांच्यासाठी उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं, पार्लमेंटात प्रश्न निघाले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते परत हिंदुस्थानात आले, पण परळला नाही, कलकत्त्याला. माणसांवर नवी लस आजमावायची परवानगीही त्यांना नव्हती. १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपात गेले.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. मुंबईच्या कामात आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं गेली, असं त्यांनी तेव्हा तिथल्या संचालकांना कळवलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. शेवटच्या काळात ते दीनकडे जास्त वळले. साठवलेली रक्कम त्यांनी पूर्व युरोपातल्या यशिवांसाठी ठेवली, म्हणजे यहुद्यांचे मदरसेच म्हणा ना. त्या मुलांना दीनी तालीमबरोबर विज्ञान आणि एखादा हुन्नरही शिकवावा, अशी त्यांची इच्छा होती. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी परळच्या संस्थेचा कारभार पहिल्यांदा एका हिंदुस्थानी माणसाकडे आला, साहिबसिंग सोखी यांच्याकडे.