पासोलिनीने पाहिलेली मुंबई

परदेशी प्रवासी मुंबईवर लिहायला बसला की त्याची पहिली पानं बहुधा ठरलेली असतात. उकाडा, फुटपाथवर झोपलेली माणसं आणि वास. इंग्रज गेल्यानंतरच्या मुंबईचं असं चित्र काढणाऱ्यांत एक फार मोठा माणूस होता, पिएर पाओलो पासोलिनी. इटलीचा कवी, कादंबरीकार आणि पुढे जगभर गाजलेला चित्रपट दिग्दर्शक. त्याच्या भारतावरच्या छोट्या पुस्तकाच्या नावातच वास आहे. इटालियन शब्द 'ओदोरे'. इंग्रजी अनुवादकाने त्याचा सौम्य 'सेंट' केला. मराठीत 'गंध' म्हणावं की सरळ 'वास', या प्रश्नाने एखाद्या अनुवादकाची झोप उडेल.

पासोलिनीचा जन्म १९२२ सालचा, बोलोन्याचा. वडील लष्करी अधिकारी, आई शाळामास्तरीण. आईचं माहेर ईशान्य इटलीतलं कासार्सा हे गाव. तिथल्या शेतकऱ्यांची बोली फ्रिउलियन. मुसोलिनीच्या राजवटीला बोलीभाषांचं वावडं होतं आणि नेमक्या त्या काळात, १९४२ साली, विशीतल्या या पोराने पदरमोड करून आपला पहिला कवितासंग्रह काढला तो आजोळच्या बोलीत! १९४५ साली धाकटा भाऊ गिदो प्रतिकार चळवळीतल्याच दुसऱ्या गटाच्या हातून मारला गेला. मारणारे कम्युनिस्ट होते. तरीही पुढे पासोलिनी कम्युनिस्ट पक्षात गेला. १९४९ मध्ये किशोरवयीन मुलांशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला, शाळेतली नोकरी गेली, पक्षानेही काढून टाकलं. पुढे अपिलात तो सुटला, पण तोवर गाव सुटलं होतं. जानेवारी १९५० मध्ये आईला घेऊन तो रोमला आला.

हे रोम पर्यटकांचं नव्हे. गावाबाहेरच्या पत्र्याच्या झोपड्या, चिखल, बेकार पोरं. या वस्त्यांत तो राहिला, तुटपुंज्या पगारावर दूरच्या शाळेत शिकवायला जाऊ लागला. आईने लोकांच्या घरी काम केलं. पोरांची भाषा तो वहीत टिपून घ्यायचा. एखादी शिवी नेमकी कुठे बसते, हे मित्राला विचारून पक्कं करायचा. अशी पाच वर्षं गेल्यावर, १९५५ साली, 'रागाझ्झी दि वीता' ही कादंबरी आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ती सुटली. रोमच्या त्या पोरांना इटालियन साहित्यात प्रथमच आपल्या तोंडची भाषा मिळाली होती.

आता मुंबईकडे येऊ. टागोरांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९६१ च्या आरंभी कादंबरीकार आल्बेर्तो मोराव्हिया आणि पासोलिनी भारतात आले. मोराव्हियाची लेखिका पत्नी एल्सा मोरांते मागाहून येऊन मिळाली. पहिल्या रात्री ताजमहाल हॉटेलात उतरल्यावर मोराव्हिया झोपायला गेला. पासोलिनीला झोप कुठली? तो गेटवेच्या अवतीभवती भटकत राहिला. पोरांची गाणी ऐकली, त्यांच्याशी खुणांनी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलला. ती पानं सुंदर आहेत, यात वाद नाही. माणसाला माणसाबद्दल वाटणारी ओढ त्यांत आहे. कोचीत एक बेघर पोर भेटलं तर त्याची सोय लावण्यासाठी तो एका पाद्र्याकडे खेटे घालत होता. एवढी कळकळ किती प्रवाशांत असते?

पण त्या पानांतली मुंबई मला ओळखू येत नाही. त्याच आठवड्यांत जनगणना सुरू होती आणि बृहन्मुंबईची लोकसंख्या ४१ लाखांवर भरली. ताजपासून चालत थोड्या अंतरावर फ्लोरा फाउंटन. तिथे १९५५ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गोळीला बळी पडली होती. १ मे १९६० ला राज्य झालं, त्याला वर्षही उलटलं नव्हतं. परळ-लालबागला गिरण्यांचे भोंगे वाजत होते. वस्त्यांत राहिलेल्या या लेखकाच्या हातून यातलं सारं निसटलं. आजोळच्या बोलीसाठी पहिलं पुस्तक खर्ची घालणाऱ्याने भाषेच्या नावावर नुकतंच राज्य मिळवलेल्या शहरात येऊन वास टिपला.

बँकेत असताना कर्जदाराच्या कारखान्याची पाहणी करून अहवाल लिहावा लागे. एका भेटीच्या अहवालात यंत्रं असत, शेड असे. कामगाराला तीन महिने पगार नाही, ही गोष्ट नसे. ती चहाच्या टपरीवर, त्याच्या भाषेत बोलल्यावर कळे. पासोलिनीला हे आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. रोममध्ये त्याने टपरीवर पाच वर्षं काढली होती. भारताला सहा-सात आठवडे दिले.

तरी त्याने खोटा आव आणला नाही, हे नोंदवायला हवं. सोबतच्या मोराव्हियाने त्याच प्रवासावर 'भारताची एक कल्पना' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात धर्म, इतिहास, निष्कर्ष असा पंतोजी थाट. दोन्ही पुस्तकं आधी वर्तमानपत्री लेख म्हणून आली आणि १९६२ साली छापली गेली. मला विचाराल तर वास घेणारा बरा. तो निदान आपलं नाक कुठवर पोचतं ते सांगतो.

पासोलिनीला जे हुकलं ते मुंबईतच कुणीतरी ऐकत होतं. १९६२ साली नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' आला. १९६५ साली भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आली. नाक्यावरची पोरं, त्यांच्याच तोंडची भाषा आणि पाठोपाठ अश्लीलतेचा गदारोळ. पाध्ये आणि पासोलिनी एका टेबलाशी बसले असते तर गप्पा रंगल्या असत्या. दुभाषा मात्र लागला असता.

पासोलिनी पुन्हा आला. १९६७ च्या अखेरीस, या वेळी कॅमेरा घेऊन. भुकेल्या वाघांना स्वतःचा देह देणारा राजा आणि पुढे उपासमारीने संपत जाणारं त्याचं कुटुंब, अशी एक कथा त्याच्या डोक्यात होती. ती त्याने थेट लोकांपुढे ठेवली. असा राजा तुम्हाला पटतो का, कुटुंबनियोजनाचं काय, असं रस्त्यातल्या माणसांना विचारत तो फिरला. लोक उत्तरं देत, काही गोंधळून नुसते बघत राहत. मुख्य चित्रपट झालाच नाही. 'भारतावरील चित्रपटासाठी टिपणं' एवढाच सुमारे अर्ध्या तासाचा माहितीपट १९६८ मध्ये इटालियन दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. मुंबईची माणसं त्यात बोलताना दिसतात.

२ नोव्हेंबर १९७५ च्या सकाळी रोमजवळ ओस्तियाच्या समुद्रकाठी, मोकळ्या पडीक जागेत त्याचा छिन्नविच्छिन्न देह सापडला. १७ वर्षांच्या एका पोराला शिक्षा झाली. २००५ मध्ये त्याने कबुली मागे घेतली. खून कुणी आणि का केला, यावर इटलीत अजून वाद चालतो. पासोलिनीला कासार्साला नेऊन पुरलं. १९८१ साली आई गेली, तिलाही त्याच्या शेजारीच जागा मिळाली.