डॉ. सालिम अली : आवड, अडचण आणि अभ्यास

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात पालकांची रीघ लागते. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो : मुलाला कोठे घालावे? कोणी म्हणतात सायन्सच हवे, कोणी म्हणतात आता दुकानावर बसू द्या. ज्याला आयुष्य काढायचे आहे तो मुलगा मात्र मान खाली घालून बाजूला उभा असतो. त्याला काय आवडते, हे फारसे कोणी विचारीत नाही. अशा वेळी मला आपल्याच मुंबई शहरातील एका मुलाची गोष्ट आठवते. पुढे सारे जग त्याला डॉ. सालिम अली या नावाने ओळखू लागले.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचे छत्रही हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी त्यांना वाढविले. लहानपणी हातात छर्ऱ्याची बंदूक आली आणि एके दिवशी एक चिमणी पडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे मुलाला कळेना. मामांनी प्रश्न झटकून टाकला नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड साहेब यांच्याकडे पाठविले. मिलर्ड साहेबांनी चिमणीची जात तर सांगितलीच. शिवाय पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला आणि वाचायला पुस्तके दिली. एका मुलाच्या प्रश्नाला एका जाणत्या माणसाने वेळ दिला. सालिम अलींच्या आयुष्याची दिशा तेथे ठरली.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, दिशा ठरली म्हणून वाट सोपी झाली असे समजू नका. सालिम अली हे काही वर्गात पहिले येणारे विद्यार्थी नव्हते. प्रकृतीच्या तक्रारींमुळे शाळेत खंड पडला. १९१३ साली ते मॅट्रिक झाले, तेही जेमतेम. सेंट झेवियर्स कॉलेजचे पहिले वर्ष जड गेले, तेव्हा कॉलेज सोडून ते ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. भोवताली रान होते. हिशेबाच्या वह्यांपेक्षा त्यांचे लक्ष त्या रानातील पाखरांकडेच अधिक असे.

१९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. पोटापाण्यासाठी त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचे शिक्षण सुरू केले. त्याच वेळी सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. तेव्हा सकाळी दावर कॉलेज आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास त्यांनी केला. आवडीपायी संसाराचा विचार सोडला नाही आणि संसारापायी आवडही सोडली नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढे ब्रह्मदेशातील धंदा बसला आणि नोकरीची गरज पडली. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. ज्ञान होते, अनुभव होता, पण विद्यापीठाची पदवी नव्हती. जागा मिळाली नाही. शिकून काय करायचे आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. एवढ्या मोठ्या माणसाचेसुद्धा पदवीवाचून अडले!

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागात माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी लागली. तेथे दोन वर्षे काढल्यावर आपले शिक्षण अपुरे आहे असे त्यांना वाटले. रजा काढून ते जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे प्राध्यापक स्ट्रेसेमन यांच्या हाताखाली शिकले. तिशी उलटलेला, संसारी माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. १९३० साली परत येतात तो काय, पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

दुसरा कोणी खचला असता. सालिम अली पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रोज तासन् तास बसून त्यांनी त्यांचे निरीक्षण केले. आपण म्हणतो सुगरण घरटे विणते. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. तो घरटे अर्धवट विणतो, मादीने ते पसंत केले की पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या घरट्याला लागतो. ही माहिती त्यांनी शास्त्रीय रीतीने मांडली आणि पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. ज्या दिवसांना लोक बेकारी म्हणतात, त्या दिवसांतूनच हे काम उभे राहिले.

त्यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. मेहनताना न घेता, केवळ खर्च मिळावा एवढ्या अटीवर ते रानोमाळ हिंडले. तेहमिनाबाईंनी या कष्टांत साथ दिली. १९३९ साली त्या वारल्या. ते दुःख पोटात ठेवून काम चालूच राहिले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले आणि पुढे डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण झाला. पदवी नाही म्हणून ज्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांना अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेचे सदस्यत्व असे मान त्यांना मिळाले. १९८७ साली, नव्वदीत, त्यांचे निधन झाले.

पालकबंधू-भगिनींनो, या चरित्राचा अर्थ मुलाने शाळा सोडून पाखरांमागे फिरावे असा मुळीच नाही. सालिम अलींच्या पाठीशी सुस्थितीतील घराणे होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांना तो आधार नाही. म्हणूनच आपल्या मुलांच्या हाती पदवी, पदविका किंवा आय.टी.आय.चे प्रमाणपत्र असणे अधिक गरजेचे आहे. मात्र ते कोणत्या विषयाचे असावे, हे शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून ठरवू नका. मुलाला जवळ बसवा. तो कशात रमतो ते पाहा. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडे त्याला घेऊन जा. आम्हा शिक्षकांनाही विचारा. ते आमचे कर्तव्यच आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही मान वर करून आपल्या मनातले सांगा. आवड सांगायची असेल तर तिच्यासाठी कष्ट करण्याची तयारीही दाखवा. खेतवाडीतील त्या मुलाने एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर तो जन्मभर शोधीत राहिला. तुमचा प्रश्न कोणता, हे आजच स्वतःला विचारून पाहा.